शेपटीजवळचा पंख

सोलवेगने मासा मागितला तो एप्रिलच्या शेवटी, व्हेनर्न सरोवरावरचा बर्फ फुटून चार दिवस झाले होते तेव्हा. त्याआधी तीन आठवडे तिने कशालाच हो म्हटले नव्हते. सूप नको, दूध नको, फळांचा रस नको. मारित नावाची नर्स रोज सकाळी यायची, उश्या नीट करायची आणि जाताना स्वयंपाकघरात आम्हा दोघांना, पण दोघांपैकी कुणाकडेही न बघता, सांगायची की मागतील ते द्या, आता पथ्य कसले.

आम्ही दोघे म्हणजे मी, तिचा धाकटा भाऊ होल्गर, आणि तिचा नवरा व्हाल्टर. गेल्या अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी जेवढे बोललो होतो तेवढे एका पोस्टकार्डावर मावले असते. सोलवेग आजारी पडल्यापासून मी रोज त्या घरी जात होतो. मी आलो की तो सरपण फोडायला बाहेर जायचा. त्या हिवाळ्यात त्याने इतके सरपण फोडले की पुढची तीन वर्षे पुरावे.

"मला मासा खायचाय," ती म्हणाली.

व्हाल्टर लगेच उठला. "गावात जाऊन आणतो. दुकानात नॉर्वेचा ताजा सॅमन..."

"तो पिंजऱ्यात वाढवलेला नको. त्याला साबणाचा वास येतो. आपल्या सरोवरातला पाहिजे. शेपू घालून उकडलेला, बरोबर बटाटे आणि लोणी." एवढे बोलून ती जरा थांबली, श्वास घेतला. "आणि तुम्ही दोघांनी धरलेला. एका बोटीतून."

"दोघं कशाला?" मी म्हणालो. "मी एकटा जातो की."

"तू एकट्याने आणलास तर मी आधी त्याची पाठ तपासीन."

बोलायला तिला त्रास व्हायचा, टोमणा मारायला होत नव्हता. व्हाल्टर खिडकीबाहेर बघत राहिला. माझे कान तापले.

तो टोमणा असा. आमच्या सरोवरात सॅमन आणि ट्राउट दोन तऱ्हेचे आहेत. एक नदीत जन्मलेले, रानटी. ते आता थोडेच उरले आहेत. दुसरे हौदात वाढवून सोडलेले. हौदातल्या प्रत्येक पिल्लाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा इवलासा मांसल पंख सोडण्याआधी कापून टाकतात. मासा जाळ्यात आला की आधी तिथे अंगठा फिरवायचा. पंख नसेल तर मासा तुमचा. पंख असेल तर तो परत पाण्यात, मग जिवंत असो की मेलेला. आमच्याकडे पोरांना बुटाची नाडी बांधता येण्याआधी हे कळते.

अकरा वर्षांपूर्वी मला नऊ किलोचा सॅमन लागला होता, पंख शाबूत असलेला. चार दिवस रिकाम्या हाताने परतलो होतो, घरी मुलीच्या सासरची माणसे जेवायला यायची होती, आणि खरे सांगायचे तर मासा इतका देखणा होता की मला तो द्यायचाच नव्हता. मी चाकू काढला आणि पंख कापला. धक्क्यावर व्हाल्टर उभा होता. आठवडाभर तो टपाल वाटायचा आणि शनिवार-रविवारी निरीक्षकाचा बिल्ला लावून बोटी तपासायचा. त्याने माझा माशांचा डबा उघडला, माशाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा माझ्यापुढे धरला. त्यावर रक्त होते. पिल्लू असताना कापलेली जागा गुळगुळीत भरून येते, आणि मी तर अर्ध्या तासापूर्वी कापली होती. चोरी करायची तर निदान अक्कल वापरून करावी.

"होल्गर, मला हे लिहावं लागेल," तो म्हणाला.

"लिही की," मी हसत म्हणालो. मला वाटले, बायकोचा भाऊ आहे, रविवारी एका टेबलावर जेवतो आपण, दम देऊन सोडेल. त्याने लिहिले. दंड झाला, गळकाठ्या जप्त झाल्या, स्थानिक वर्तमानपत्रात नाव आले. मी बोट शेडमध्ये घातली, वर ताडपत्री ओढली आणि पुन्हा पाण्यावर गेलो नाही. सोलवेग त्या उन्हाळ्यात सहा आठवडे माडीवर एकटी झोपली.

"तू चोर आहेस आणि तो दगड आहे," ती मला म्हणाली होती. "मला दोघांचीही लाज वाटते." आणि मग, हळू आवाजात, "तुझ्या जागी मी असते ना, तरी त्याने लिहिलं असतं. एक स्वल्पविराम न चुकवता."

ती पुढे माडीवरून खाली आली, संसार चालू राहिला. पण हे शेवटचे तिच्या मनातून गेले नाही. मी भाऊ आहे तिचा, मला कळायचे. तो मिठाची बरणी तिच्या हाताशी सरकवायचा, तिचे बूट शेगडीजवळ वाळत ठेवायचा, आणि ती त्याच्याकडे अशी बघायची की जणू हिशेब लागत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाल्टर माझ्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला. हातात हत्यारांची पेटी होती.

"मारित म्हणते दहा दिवस," तो म्हणाला. "फार तर पंधरा. गिळता येतंय तोवर."

"मग आत ये. दारात उभा राहून काय होणार?"

आम्ही ताडपत्री ओढली. मागच्या बाकाखाली उंदरांनी घर केले होते, गादीचा कापूस सगळीकडे. बॅटरी मेलेली. इंजिनाचा पंप बदलायला हवा होता. गळकाठ्या अडकवायच्या बारा नळ्यांपैकी पाच गंजून हातात आल्या. मला माझीच लाज वाटली. गावात माझी बोट सगळ्यांत नीटनेटकी म्हणून ओळखली जायची, आणि एका माणसावरच्या रागापायी मी ती कुजवली होती.

चार दिवस आम्ही राबलो. इंजिन त्याने उघडले, टपालाची गाडी तो स्वतःच दुरुस्त करायचा. मी लाकूडकाम केले. बोटीच्या दोन बाजूंना दोरीने ओढत न्यायच्या फळ्या असतात. बोट पुढे जाते तशी फळी पाणी कापत बाहेरच्या अंगाला सरकत जाते आणि आपल्याबरोबर गळाच्या दोऱ्या लांब नेते. वसंतात मासा वरच्या थराला असतो आणि बोटीच्या सावलीला बुजतो, म्हणून हा खटाटोप. माझ्या फळ्या तडकल्या होत्या. मी नव्या केल्या, एकेक पुढच्या टोकाला तिरकी तासली, बुडाशी शिसे ठोकले आणि लाल रंग दिला. व्हाल्टरने त्या उचलून डोळ्यांसमोर आडव्या धरल्या.

"सरळ आहेत," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढे म्हणजे पुष्कळच.

गळकाठ्या त्याच्या होत्या, आमिषेही त्याचीच: पितळी आणि चंदेरी पत्र्याची, चमच्यासारखी वाकवलेली, पाण्यात ओढली की छोट्या माशासारखी डुलणारी. तो चिमटा घेऊन बसला आणि प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करू लागला.

"हे काय चाललंय?"

"पंखवाला लागला तर सोडताना जबडा फाटायला नको."

"आणि बिनपंखाचा लागला आणि निसटला तर?"

"तर आपण दोर ढिला सोडला."

"व्हाल्टर, तिच्याकडे दहा दिवस आहेत!" मी ओरडलो. "दहा! आणि तू काटे मोडत बसलायस?"

त्याने मान वर केली नाही. चिमटा जरा थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी बाहेर जाऊन पाइप ओढला. परत आलो तेव्हा त्याने सगळे काटे दाबून संपवले होते, आणि माझ्या जुन्या डब्यात सापडलेले तीन गळही.

मे महिन्याच्या दोन तारखेला आम्ही पहिल्यांदा निघालो. सोलवेगची खाट खालच्या खोलीत खिडकीशी हलवली होती, तिथून धक्का दिसायचा. मी आत जाऊन तिला सांगितले.

"काही मिळू नये तुम्हाला," ती म्हणाली. आमच्याकडे मासे धरायला निघालेल्याला असेच म्हणायचे असते. शुभेच्छा दिल्या की दिवस वाया गेलाच समजा. "एक खवला मिळू नये. जा."

त्या दिवशी एक हडकुळा पाइक मासा लागला आणि माझ्या बोटाला चावला. बाकी काही नाही. पाणी चार अंश, हाताला कळा येत होत्या. संध्याकाळी व्हाल्टरने तिला सांगितले, आज नाही. ती बरं म्हणाली आणि भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी वारा होता. चार तारखेला सकाळी पाणी शांत झाले.

आम्ही साडेसहाला धक्का सोडला. मागच्या बेटाच्या पुढे तळ एकदम खोल जातो, तिथे फळ्या सोडल्या. तीन दोऱ्या डावीकडे, तीन उजवीकडे. वेग माणूस रमतगमत चालतो तेवढा. सुकाणू व्हाल्टरकडे. मी काठ्यांची टोके बघत बसलो. या धंद्यात बघत बसण्याखेरीज फारसे काही नसते, आणि बघत बसलेला माणूस कधी ना कधी बोलतो.

"एक विचारू?" मी म्हणालो.

"विचार."

"त्या दिवशी तू मान वळवली असतीस, तर कुणाला कळलं असतं?"

"मला."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि तेवढ्यासाठी तू तिला सहा आठवडे माडीवर झोपू दिलंस."

त्याने सुकाणू किंचित वळवले. मग म्हणाला, "मी रोज रात्री जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचो. वर जावं असं वाटायचं. पण वर जाऊन काय सांगायचं? चुकलं म्हणायचं तर चुकलं नव्हतं."

"चुकलं नव्हतं तरी म्हणतात माणसं."

"मला नाही जमत."

मला त्याचा इतका राग आला की थर्मासमधली कॉफी मी एकट्याच्या कपात ओतली. थोड्या वेळाने त्याचाही कप भरला. वेलदोड्याचे पाव त्याने आणले होते, सोलवेगने शिकवलेले. कडक झाले होते, पण खाल्ले.

पावणेअकराला डावीकडची फळी मागे खेचली गेली. नुसती थरथरली नाही, चांगली हातभर मागे गेली, आणि बाहेरच्या काठीचे टोक पाण्याकडे वाकले. मी काठी उचलली. पलीकडे वजन होते, जिवंत, रागावलेले वजन. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला आणि मी आणि व्हाल्टर दोघेही एकदमच ओरडलो.

"सॅमन!"

"दोर ताणलेला ठेव! काटे नाहीत!"

"ठाऊक आहे काटे नाहीत ते! तूच मोडलेस!"

पंचवीस मिनिटे लागली. तो तीनदा बोटीखाली गेला. व्हाल्टरने बाकीच्या दोऱ्या गुंडाळल्या, इंजिन सावकाश ठेवले, आणि मी म्हणेन तिकडे, कधी मी म्हणायच्या आधीच, बोट वळवली. तेवढी पंचवीस मिनिटे आम्ही पूर्वीसारखे होतो. मग मासा कुशीवर आला, आणि व्हाल्टरने जाळे खाली घालून तो एका झटक्यात उचलला, पण बोटीत घेतला नाही. जाळे कडेला पाण्यात टेकवून धरले, नेहमीच्या सवयीने. आठ किलो तरी असेल. मादी होती. पाठ काळसर निळी, पोट चांदीचे.

त्याने डावा हात पाण्यात घातला आणि अंगठा तिच्या पाठीवरून मागे नेला. अंगठा थांबला. त्याने हात काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा तिथेच थांबला.

मला विचारायची गरज नव्हती. मी काठी खाली ठेवली. मला एकदम फार थकवा आला. वाटले, आता हा सोडणार, आणि आपण घरी जाऊन तिला सांगायचे की आज नाही. सोडला तर मी या माणसाला पाण्यात ढकलीन, असेही वाटले.

"कल्ले चांगले आहेत," व्हाल्टर म्हणाला. "रक्त नाही. ओठालाच लागलाय. सोडला तर जगेल."

मी ओले हात पँटीला पुसले.

"जगेल," तो पुन्हा म्हणाला. मग त्याने जाळ्याची मूठ माझ्या हातात दिली, बाकाखालून लाकडी दांडका काढला आणि माझ्यापुढे धरला. आमच्याकडे त्या दांडक्याला पाद्री म्हणतात, कारण माशाचे अंत्यविधी तो करतो. "डब्यात टाक, होल्गर."

"काय?"

"ऐकलंस तू. सोमवारी मी मासेमारी ऑफिसला फोन करून सांगतो. माझं नाव, वजन, जागा, सगळं. दंड भरतो. पण आज टाक डब्यात. तिला खायचाय."

दांडका त्याने तसाच पुढे धरून ठेवला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, लोकरी टोपी कानांवर ओढलेली, नाकाला थेंब आलेला. आणि त्याने तोंड दुसरीकडे वळवले होते, बेटाकडे.

या क्षणाची मी अकरा वर्षे वाट पाहिली होती. झोप येत नसे तेव्हा मी तो रंगवायचो: व्हाल्टर चुकतोय, आणि मी बघतोय. त्यात मी काय काय बोलायचो ते इथे लिहिण्याजोगे नाही. आता तो क्षण आला होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. सोलवेग जाणार होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ती गेल्यावर मला माझी मुलगी होती, नातवंडे होती, भांडायला शेजारी होते. त्याला मूलबाळ नव्हते. त्याच्याकडे ते घर उरणार होते आणि आपण कधी वाकलो नाही ही एक गोष्ट. तो सोमवारी खरोखर फोन करणार होता. ज्या पोराला त्याने निरीक्षकाचे काम शिकवले, त्या पोराला तो आपले नाव लिहून घ्यायला सांगणार होता, आणि त्याच आठवड्यात कदाचित बायकोला पुरणार होता. आणि हे सगळे माझ्या बोटीत, माझ्या हाताने व्हायचे होते.

मी चांगुलपणा केला असे कुणी समजू नये. इतका नीट विचारही तेव्हा केला नाही. हाताने आधी केले. मी जाळ्याची मूठ फिरवली, ओठातला गळ बिनकाट्याचा होता, बोटाने ढकलताच निघाला, आणि मासा जाळ्यातून घरंगळला. क्षणभर तो तसाच बोटीला लागून उभा राहिला. मग शेपटी हलली आणि खाली गेला.

व्हाल्टर वळला. त्याने जाळे पाहिले, मग मला.

"काय केलंस?"

"सोडला."

"तू कोण सोडणारा?" मी त्याला असा रागाने ओरडताना कधी ऐकले नव्हते. "तू कोण? मी सांगितलं होतं टाक म्हणून! मी सांगितलं होतं!" त्याने दांडका बोटीच्या तळाशी आपटला. "ती वाट बघतेय तिकडे!"

"मला माहितेय."

"तुला काही माहीत नाही!" तो माशांच्या रिकाम्या डब्यावर बसला आणि दोन्ही हातांनी टोपी डोळ्यांवर ओढून रडू लागला. मी सुकाणू धरले. अशा वेळी माणसाच्या पाठीवर हात ठेवावा, हे मला कळत होते. माझा हात गेला नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आता तिला काय सांगू?"

"लागला नाही म्हणून सांग."

"पण लागला होता."

"व्हाल्टर, एकदा, आयुष्यात एकदा..."

"लागला होता," तो म्हणाला.

आम्ही पुन्हा फळ्या सोडल्या. तीन वाजेपर्यंत मागेपुढे फिरलो, त्याच खोल पाण्यावरून. एक काठी हलली नाही. मग वायव्येकडून वारा सुरू झाला, लाटांना पांढरे तुरे आले आणि आम्हाला परतावे लागले. तो वारा पुढे तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी पाणी आरशासारखे होते, पण तोवर सोलवेगला पाणीसुद्धा चमच्याने द्यावे लागत होते. तेरा तारखेला ती गेली. तिला मासा मिळाला नाही. तो माझ्या हातात होता आणि मी तो सोडला, आणि आजही रात्री जाग आली की मला खात्री नसते की मी बरोबर केले. माझ्या मुलीने मला विचारले, तेव्हाही मी हेच सांगितले.

पण त्या दुपारी आम्ही घरी आलो तेव्हा यातले काही झालेले नव्हते. दार उघडले तोच शेपूचा वास आला. सोलवेगने मारितला थांबवून घेऊन बटाटे उकडायला लावले होते. खाटेजवळच्या छोट्या टेबलावर तीन ताटल्या मांडलेल्या, लोण्याची वाटी मध्ये. उश्यांना टेकून ती बसली होती आणि मारितने तिचे केस विंचरले होते. तिने आमचे हात पाहिले. चारही रिकामे.

"नाही लागला," मी पटकन म्हणालो. "वारा होता. पाणी गढूळ. उद्या बघू."

"बरं," ती म्हणाली.

"लागला होता," व्हाल्टर म्हणाला.

तो दारातच उभा होता. बूट काढले नव्हते, फरशीवर पाणी गळत होते. मी त्याच्याकडे डोळे वटारले, पण तो मला बघतच नव्हता.

"सॅमन. मादी. आठ किलो असेल. पंख शाबूत होता."

सोलवेगने मान हलवली. हळू, दोनदा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट चांगला शांत, अपेक्षा सोडून दिलेला चेहरा होता तो, आणि तोच मला बघवेना. चव्वेचाळीस वर्षे ज्याच्याबरोबर काढली त्याच्याकडून याहून वेगळे काही येईल असे तिला वाटलेलेच नव्हते.

"मग सोडलास," ती म्हणाली. "बरोबर केलंस, व्हाल्टर."

"मी नाही सोडला. यानं सोडला."

"कुणी?"

"होल्गरने. मी त्याला म्हणालो, डब्यात टाक."

मारित हातातले पातेले घेऊन तशीच उभी राहिली. सोलवेगने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. मग तिने त्याच्याकडे पाहिले.

"तू म्हणालास?"

"हो."

"पंख आहे हे कळल्यावर?"

"कळल्यावर. दोनदा बघितला अंगठ्याने."

"जगला नसता, म्हणून म्हणालास?"

"नाही. जगला असता."

तिचे ओठ हलत होते. मग तिने विचारले, "आणि सोमवारी?"

"सोमवारी मी फोन केला असता. स्वतःचं नाव दिलं असतं."

तेव्हा ती हसू लागली. हसताना तिला दुखत होते, ती एका हाताने कूस दाबून धरत होती आणि तरी हसत होती. "अर्थात," ती म्हणाली, "अर्थात दिलं असतंस, माझ्या गाढवा." आणि हसता हसता ती रडायला लागली. मारितने पातेले ठेवले आणि पुढे गेली, पण सोलवेगने हाताने तिला बाजूला केले.

"मला वाटायचं," ती त्याला म्हणाली, "की तुझ्या त्या नियमापुढे मी कुणीच नाही. इतकी वर्षं वाटायचं."

व्हाल्टर दारातून पुढे आला. ओल्या बुटांनीच. खाटेच्या कडेला बसला. तिने त्याचा हात धरला, तोच डावा हात, आणि उलटा करून अंगठा आपल्या मुठीत घेतला.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "फळी मागे गेली तिथपासून."

तो सांगू लागला. जन्मभर टपाल वाटलेला माणूस, कुणाच्या दारात दोन वाक्यांवर तिसरे न बोललेला. काठी कशी वाकली, मासा बोटीखाली किती वेळा गेला, मी कसा ओरडलो, सगळे सांगितले. जाळ्यापर्यंत आला. अंगठ्यापर्यंत आला.

"मग मी म्हणालो, डब्यात टाक."

"थांब," ती म्हणाली. डोळे मिटले होते तिचे. "परत म्हण."

"डब्यात टाक."

"परत."